मन दुखावण्याविषयीच्या इंग्रजी शब्दांतील अर्थभेद

दुसऱ्याला राग येणे, वाईट वाटणे, अपमान वाटणे किंवा त्रास होणे अशा परिणामांचा निर्देश करणारी अनेक क्रियापदे इंग्रजी भाषेत आहेत. अनॉय, इरिटेट, व्हेक्स, बॉदर, डिस्टर्ब, अपसेट, हर्ट, ऑफेंड, इन्सल्ट, ह्युमिलिएट, प्रोव्होक, टीज आणि हॅरॅस ही त्यांपैकी नित्य वापरातील होत. इंग्रजी-मराठी शब्दकोशांत यांच्यापुढे बहुधा ‘त्रास देणे’, ‘चिडवणे’, ‘दुखवणे’ हे तीनच प्रतिशब्द आलटून पालटून दिलेले दिसतात. त्यामुळे हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात, असा समज मराठी वाचकात रूढ झाला आहे. प्रत्यक्षात त्यांच्यात तीव्रता, हेतू, कालावधी आणि आघाताचे स्थान या चार बाबतींत स्पष्ट भेद आहेत. शालेय भाषांतरात हे भेद दुर्लक्षिले तरी फारसे बिघडत नाही. भारतीय दंडविधान आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम यांत मात्र हेच शब्द गुन्ह्यांच्या व्याख्यांत आले असून त्यांच्या अर्थावर व्यक्तीचे स्वातंत्र्य अवलंबून राहिले आहे.

शब्दांची मुळे

यांतील बहुतेक शब्द लॅटिन भाषेतून, काही फ्रेंचमार्गे, इंग्रजीत आले. त्यांचे मूळ अर्थ शारीरिक कृतींचे आहेत. ‘ऑफेंड’ म्हणजे मुळात एखाद्या वस्तूवर आदळणे, ‘इन्सल्ट’ म्हणजे अंगावर उडी घेणे, ‘व्हेक्स’ म्हणजे हलवणे, घुसळणे. ‘प्रोव्होक’ या शब्दात हाक मारून बाहेर बोलावण्याची कल्पना आहे. ‘ह्युमिलिएट’ हा शब्द जमीन या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी संबंधित असल्याने त्यात माणसाला जमिनीपर्यंत खाली आणण्याचा भाव आहे. मराठीतील ‘पाणउतारा’ हा शब्द याच्या बराच जवळ जातो. त्यातील पाणी म्हणजे तेज किंवा आब होय. ‘अपसेट’ हा शब्द भांडे किंवा होडी उलटी होण्यासाठी वापरला जात असे आणि मनाची घडी विसकटणे हा त्याचा अर्थ नंतरचा आहे.

‘टीज’ हा शब्द लॅटिनमधून न येता जुन्या इंग्रजीतून आला. त्याचा पहिला अर्थ लोकर पिंजणे असा होता. घोंगडीसाठी लोकर पिंजण्याचे काम अहमदनगर (आता अहिल्यानगर), पुणे, सोलापूर या जिल्ह्यांतील धनगर व सणगर कुटुंबांना परिचित आहे. पिंजताना लोकर तुटत नाही, तिचे तंतू मोकळे होतात. चेष्टेमध्ये माणसाला असेच थोडे ओढून पाहिले जाते. ओढण्याचा जोर वाढला की तंतू तुटतात, हेही तितकेच खरे.

नित्य व्यवहारातील अर्थच्छटा

अनॉय आणि इरिटेट हे दोन्ही शब्द सौम्य रागाचे आहेत. शेजारच्या घरातील दूरदर्शन संचाचा मोठा आवाज, रांगेत मध्येच घुसणारा माणूस, पुन्हा पुन्हा येणारा अनाहूत दूरध्वनी यांमुळे येणारी चीड ‘अनॉय’ या शब्दात बसते. ‘इरिटेट’ या शब्दात चुरचुरण्याची भावना अधिक असते. वैद्यकात धूर डोळ्यांना किंवा साबण त्वचेला ‘इरिटेट’ करतो तो याच अर्थाने. या दोन्ही शब्दांत समोरच्याचा हेतू वाईट असलाच पाहिजे असे नाही. लहान मूल, माशी, पाऊस, बंद पडलेला पंखा या सर्वांमुळे माणूस ‘अनॉय’ होऊ शकतो. ‘बॉदर’ त्याहून हलका असून तसदी या मराठी शब्दाच्या जवळचा आहे. ‘व्हेक्स’ आज बोलण्यात क्वचितच येतो.

‘डिस्टर्ब’ आणि ‘अपसेट’ यांत राग हा मुख्य भाव नसतो. शांत किंवा लागलेली घडी मोडणे हा त्यांचा गाभा आहे. वाईट बातमीने माणूस ‘अपसेट’ होतो, पण बातमी सांगणाऱ्यावर तो रागावलेला असेलच असे नाही. ‘अपसेट’ मध्ये दुःख, काळजी आणि राग यांचे मिश्रण असते. त्याला मराठीत एकच नेमका शब्द सापडत नाही. ‘अस्वस्थ’ हा त्यातल्या त्यात बरा.

‘हर्ट’, ‘ऑफेंड’ आणि ‘इन्सल्ट’ यांतील भेद सर्वांत सूक्ष्म आहे, आणि घोटाळाही येथेच सर्वाधिक होतो. ‘हर्ट’ मध्ये वेदना असते. जिच्याशी आपुलकीचे नाते आहे अशी व्यक्ती बोलली तर माणूस ‘हर्ट’ होतो. परक्याच्या बोलण्याने सहसा होत नाही. ‘ऑफेंड’ मध्ये वेदनेपेक्षा मर्यादाभंगाची जाणीव असते. आपल्या दृष्टीने जे पूज्य, सभ्य किंवा उचित आहे त्याचा भंग झाला असे वाटणे म्हणजे ‘ऑफेंड’ होणे. म्हणून ज्याच्याविषयी काहीच बोलले गेलेले नाही असा तिऱ्हाईतही ‘ऑफेंड’ होऊ शकतो. ‘इन्सल्ट’ ही करणाऱ्याची कृती आहे. ऐकणाऱ्याला वाईट वाटो वा न वाटो, शिवी दिली की ‘इन्सल्ट’ पूर्ण होतो. तुमचे बोलणे इन्सल्ट होते, पण मी ऑफेंड झालो नाही, असे वाक्य इंग्रजीत सुसंगत ठरते. मराठीत ‘अपमान’ हा शब्द कृती व परिणाम या दोन्हींसाठी वापरला जात असल्याने हे वाक्य सरळ भाषांतरित करता येत नाही. ‘तुम्ही माझा अपमान केलात, पण मला तो वाटला नाही’ असा वळसा घ्यावा लागतो.

‘प्रोव्होक’ या शब्दाची नजर भावनेपलीकडे, तिच्यातून होणाऱ्या कृतीकडे असते. डिवचणे, कुरापत काढणे, चिथावणे हे त्याचे मराठी सोयरे. ‘हॅरॅस’ मध्ये सातत्य अभिप्रेत आहे. एकदाच झालेल्या उपद्रवाला सहसा हा शब्द लावत नाहीत. गांजणे, पिडणे, छळणे, जाच करणे यांत हाच सातत्याचा भाव आहे. ‘जाच’ या शब्दात तर त्याबरोबर सुटकेचा मार्ग नसल्याचेही सूचन असते. म्हणूनच तो सासरच्या संदर्भात इतका रुळला.

मराठी वाक्यरचनेमुळे होणारा बदल

इंग्रजीत या भावनांची वाक्ये बहुधा सकर्मक असतात. करणारा कर्ता असतो आणि ज्याला त्रास झाला तो कर्म असतो. मराठीची स्वाभाविक रचना वेगळी आहे. ‘मला राग आला’, ‘त्याला वाईट वाटले’, ‘आईला चीड आली’ या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थी विभक्तीत असते आणि भावना हीच जणू बाहेरून तिच्याकडे येते. ती कोणामुळे आली हे सांगायचे असल्यास ‘त्याच्या बोलण्यामुळे’ असे स्वतंत्रपणे जोडावे लागते.

प्रयोजक क्रियापद वापरले की मराठीत हेतू आपोआप आत येतो. ‘त्याने मला चिडवले’ या वाक्यात चिडवणाऱ्याने ते मुद्दाम केले असेच कोणीही समजेल. ‘त्याच्यामुळे मला चीड आली’ यात तसे नाही. इंग्रजी ‘अनॉय’ या दोन्ही अर्थांना मोकळा आहे. त्यामुळे त्याचे भाषांतर ‘चिडवणे’ असे केले की मूळ वाक्यात नसलेला हेतू भाषांतरकार आपल्या पदरचा घालतो. न्यायालयीन कागदपत्रांत हा फरक किरकोळ मानता येणार नाही.

‘दुखवणे’ आणि ‘दुखावणे’ या जोडीचेही असेच आहे. ‘दुखवणे’ सकर्मक आहे, उदाहरणार्थ ‘तिने त्याला दुखवले’. ‘दुखावणे’ प्रामुख्याने अकर्मक आहे, जसे ‘पाय दुखावला’, ‘तो दुखावला’. वृत्तपत्रांत रूढ झालेल्या ‘भावना दुखावल्या’ या शब्दप्रयोगात कर्ता भावना हा आहे. कोणी दुखवले, मुद्दाम की अनवधानाने, हे त्या वाक्यात कोठेच येत नाही. तरीही तेवढ्या वाक्यावर आरोप उभा राहतो, हे भाषेच्या अभ्यासकाला चकित करणारे आहे.

बोलणे स्वतःच कर्ता होण्याची सोय ही मराठीची आणखी एक समृद्धी होय. बोलणे मनाला लागते, बोचते, झोंबते, खुपते, सलते. ‘लागणे’ सर्वसामान्य आहे. ‘बोचणे’ काट्यासारखे क्षणिक, तर ‘सलणे’ म्हणजे काटा आतच मोडून राहिल्यासारखे. ‘झोंबणे’ हे मिरचीचे क्रियापद असल्याने मुळात जखम असावी लागते. खरे बोलणे झोंबते असे म्हणतात ते त्यामुळेच. ‘खुपणे’ डोळ्यांचे आहे, त्यामुळे त्यात पुष्कळदा मत्सराची छटा येते. यांपैकी कोणत्याही शब्दाला इंग्रजीत एका शब्दाचा तंतोतंत प्रतिशब्द नाही. तेव्हा इंग्रजी या क्षेत्रात श्रीमंत आणि मराठी दरिद्री, हा समज निराधार आहे.

इंग्रजी शब्द मराठीत उसने आले तेव्हा तेही मराठी रचनेत बसवले गेले. ‘मला इरिटेट होतं’ हा आजच्या तरुणांच्या तोंडचा प्रयोग इंग्रजी व्याकरणाला धरून नाही, पण ‘मला राग येतो’ या साच्यात तो चपखल बसतो. ‘मी हर्ट झालो’, ‘ती अपसेट आहे’ हेही तसेच.

वाणी आणि उद्वेग

दुसऱ्याच्या मनाला क्षोभ न होईल असे बोलण्याचा विचार मराठी वाङ्मयात आरंभापासून आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन आले असून त्यातील पहिले लक्षण ‘अनुद्वेगकर’ हे आहे. त्याच्या जोडीला सत्य, प्रिय आणि हितकर ही लक्षणे येतात. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील नेवासे येथे भावार्थदीपिका सांगितली. तीत या जागी झाडाला घातलेल्या पाण्याने जवळचे गवतही जगते, या आशयाचा दृष्टान्त येतो. ‘उद्वेग’ या संस्कृत शब्दात खळबळ, थरकाप आणि वीट या तिन्ही छटा आहेत. इंग्रजी ‘डिस्टर्ब’ आणि ‘व्हेक्स’ यांच्या मधली जागा तो घेतो. आज मात्र मराठीत ‘उद्वेग’ म्हणजे वैताग एवढाच अर्थ उरला आहे.

बायबलच्या भाषांतरातील ‘ऑफेंड’

शब्दाचा अर्थ काळाबरोबर कसा सरकतो याचे उदाहरण म्हणून ‘ऑफेंड’ या शब्दाकडे पाहता येते. इ.स. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात हा शब्द अनेक ठिकाणी ‘पापाला प्रवृत्त करणे’, ‘वाटेत अडखळायला लावणे’ या अर्थाने येतो. मूळ ग्रीक शब्दाचा रोख अडसर किंवा सापळा या कल्पनेकडे आहे. आजचा इंग्रजी वाचक अशा ठिकाणी ‘नाराज करणे’ असा अर्थ लावतो आणि त्याला वाक्यच उमगत नाही. मराठी बायबलात यासाठी ‘अडखळविणे’, ‘अडखळण’ हे शब्द आले, ते मूळ अर्थाला धरून आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून अहमदनगर येथे सुरू होते, आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये तेथूनच निघाले. इंग्रजी धार्मिक शब्दांना मराठी प्रतिशब्द घडवण्याचे काम ज्या मोजक्या केंद्रांत झाले, त्यांत या शहराची गणना करावी लागते.

दंडविधानातील वापर

१८६० च्या भारतीय दंड संहितेत या शब्दांना दैनंदिन अर्थाहून वेगळे, काटेकोर अर्थ देण्यात आले. हीच रचना थोड्या फरकाने १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कायम आहे.

बोलीभाषेत ‘हर्ट’ मनालाही होतो. संहितेत मात्र ‘हर्ट’ म्हणजे केवळ शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता होय. मराठीत त्यासाठी ‘दुखापत’ हा शब्द वापरतात. उलट ‘इंज्युरी’ हा शब्द बोलण्यात शारीरिक इजेपुरता असला, तरी संहितेत शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता यांपैकी कशालाही बेकायदेशीरपणे पोहोचवलेली हानी त्यात येते. म्हणजे नित्याच्या वापरातील रुंद शब्द कायद्यात अरुंद झाला आणि अरुंद शब्द रुंद झाला.

धार्मिक भावनांविषयीच्या दोन कलमांत दोन वेगळे शब्द आहेत. १९२७ मध्ये घातलेल्या कलम २९५-अ मध्ये ‘आउटरेज’ हा शब्द असून त्यासाठी हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेली कृती आवश्यक आहे. कलम २९८ मध्ये ‘वूंड’ म्हणजे घायाळ करणे हा शब्द आहे आणि शिक्षा सौम्य आहे. नव्या संहितेत ही कलमे अनुक्रमे २९९ आणि ३०२ झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजी लाल मोदी खटल्यात असे स्पष्ट केले की, अनवधानाने किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान कलम २९५-अ खाली येत नाही. अपमानाच्या तीव्र स्वरूपालाच ते लागू होते. मराठी बातम्यांत आणि सर्वसामान्य बोलण्यात या दोन्ही कलमांचे रूपांतर ‘धार्मिक भावना दुखावणे’ असे एकच होते. कायद्याने काळजीपूर्वक राखलेली पायरी त्यामुळे सपाट होते. दुखावले जाणे हे ऐकणाऱ्याचे वर्णन आहे, तर कलमाचा रोख बोलणाऱ्याच्या बुद्धीवर आहे.

शांतताभंगाच्या हेतूने अपमान करण्याविषयीच्या कलम ५०४ मध्ये (आता ३५२) ‘इन्सल्ट’ आणि ‘प्रोव्होक’ हे दोन्ही टप्पे लागतात. नुसती शिवी पुरेशी नाही. तिने समोरचा शांतताभंग करील असा हेतू किंवा तशी जाणीव असावी लागते. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ यातही ‘इन्सल्ट’ ही कृती आणि ‘ह्युमिलिएट’ करणे हा हेतू, अशी रचना आहे. शिवाय ती घटना लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी घडलेली असली पाहिजे. मानहानी ही इतरांच्या डोळ्यांसमोर होते, हे शब्दार्थाचे सूक्ष्म ज्ञान या तरतुदीत दिसते.

याच्या दुसऱ्या टोकाला कलम ९५ (आता ३३) आहे. सामान्य समज व स्वभावाचा माणूस ज्याविषयी तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी गुन्हा ठरत नाही, असे ते सांगते. मनाला लागलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढायची नसते, हे संहितेने १८६० मध्येच लिहून ठेवले आहे.

कलम ६६-अ आणि पालघर प्रकरण

या शब्दांच्या अर्थावरून झालेला भारतातील सर्वांत गाजलेला वाद महाराष्ट्रात सुरू झाला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाल्यानंतर मुंबईत पाळण्यात आलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले आणि तिच्या मैत्रिणीने ते पसंत असल्याचे दर्शवले. पालघर येथे पोलिसांनी दोघींना अटक केली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. दोघींना जामीन मिळाला व पुढे प्रकरण बंद करण्यात आले.

या अटकेत वापरलेले माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ २००८ च्या दुरुस्तीने आले होते आणि २००९ पासून अमलात होते. अतिशय ‘ऑफेन्सिव्ह’ किंवा धमकीवजा मजकूर, तसेच खोटा असल्याचे माहीत असूनही ‘अनॉयन्स’, गैरसोय, धोका, अडथळा, ‘इन्सल्ट’, ‘इंज्युरी’, धाकदपटशा, वैर, द्वेष किंवा दुर्भावना निर्माण करण्यासाठी वारंवार पाठवलेला मजकूर, यांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. यादी वाचताच तिची विसंगती लक्षात येते. शेजाऱ्याच्या रेडिओमुळे होणारी चीड आणि जिवाला असलेला धोका एकाच ओळीत, एकाच शिक्षेसह बसवले होते.

कायद्याची विद्यार्थिनी असलेल्या श्रेया सिंघल यांनी या कलमाला आव्हान दिले. न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले. न्या. नरिमन यांनी लिहिलेल्या निकालात शब्दार्थाच्या चर्चेला मोठी जागा आहे. जे एकाला ‘ऑफेन्सिव्ह’ वाटते ते दुसऱ्याला वाटणार नाही, आणि एकाला ज्याचा त्रास होतो त्याचा दुसऱ्याला होणार नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा. दंड संहितेतही ‘अनॉयन्स’ हा शब्द आहे, परंतु तेथे सार्वजनिक उपद्रव किंवा अश्लील कृत्य अशा गुन्ह्याचा तो केवळ एक घटक असतो. कलम ६६-अ मध्ये तो एकटाच गुन्हा ठरत होता. एका व्यक्तीच्या संदेशांविषयी इंग्लंडमधील खालची न्यायालये व हाउस ऑफ लॉर्ड्स यांची मते परस्परविरुद्ध पडल्याचे उदाहरणही निकालात आहे. प्रशिक्षित न्यायाधीशांचेच शब्दार्थावर एकमत होत नसेल, तर सामान्य नागरिकाने आपण गुन्हा करीत आहोत की नाही हे कसे ओळखावे, हा प्रश्न त्यातून सरळ निघतो. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या न्यायालयाने मानल्या आणि तिसऱ्या पायरीवरच बंधन घालता येते असे सांगितले. केरळ पोलीस अधिनियमातील ‘अनॉयन्स’ विषयीचे कलम ११८(ड) याच निकालाने रद्द झाले.

रद्द झालेल्या कलमाखाली त्यानंतरही गुन्हे नोंदवले जात राहिले. त्यामुळे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असा पुन्हा आदेश द्यावा लागला.

चेष्टा, छेड आणि छळ

शब्द सौम्य निवडला की कृत्यही सौम्य वाटू लागते. भारतीय इंग्रजीत स्त्रियांच्या छळासाठी दीर्घकाळ वापरला गेलेला ‘ईव्ह टीजिंग’ हा शब्दप्रयोग याचे ठळक उदाहरण होय. ‘टीज’ मधील खेळकरपणामुळे गुन्ह्याला थट्टेचे रूप मिळते. मराठीतील ‘छेड काढणे’ हा त्याचा समांतर प्रयोग असून तोही वाद्याच्या तारा छेडण्याच्या क्रियापदाशी नाते सांगतो. कामाच्या ठिकाणच्या २०१३ च्या कायद्याने मात्र ‘लैंगिक छळ’ असा स्पष्ट शब्द स्वीकारला.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध अधिनियमाने याच्या उलट मार्ग घेतला. त्याच्या व्याख्येत ‘टीजिंग’ आणि थट्टेचे प्रकारही समाविष्ट आहेत. मात्र त्यांचे मोजमाप करणाऱ्याच्या हसण्यावरून होत नाही. शारीरिक किंवा मानसिक हानी, भीती, लाज अथवा संकोच विद्यार्थ्याला वाटला किंवा वाटण्याचा संभव होता का, हे पाहिले जाते. दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. वर्गात नावावरून चिडवणे आणि वसतिगृहात रात्री उभे करून चिडवणे यांना मराठीत क्रियापद एकच आहे. नवागत विद्यार्थ्याला तेथून उठून जाता येत होते की नाही, यावर त्या क्रियापदाचा अर्थ ठरतो.